न खाल्लेलं पान

आमच्या घरात भाकरी पत्रकात बांधली जायची. माझे वडील, म्हणजे आप्पा, बारामतीत एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळीत जुळवायचे आणि मजकूर उभा करायचा, हे त्यांचं काम. छापखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. भिंतीपलीकडे पायाने चालवायचं यंत्र दिवसभर खटक-खुस्स, खटक-खुस्स करत असायचं, आणि ते मध्येच थांबलं की आई चुलीपुढूनच विचारायची, "काय हो, काय झालं?" लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं ही पोटाची कामं. आप्पांचा जीव मात्र पत्रकांत. हमालांच्या संपाची, पाण्याच्या मोर्चाची, कुणाकुणाच्या निषेधाची पत्रकं ते रात्र-दिवस न म्हणता जुळवून द्यायचे, आणि त्यातल्या शाई पसरलेल्या प्रती घरात यायच्या. फडताळात त्या अंथरलेल्या, डब्यांखाली त्या, शेंगदाण्याची चटणी बांधायला त्या. मी अक्षरं त्यांवरच शिकले. शाळेत जाण्याआधी मला 'जाहीर' आणि 'निषेध' वाचता यायचं. 'कमळ' मागाहून आलं.

सोळाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, आमच्या गल्लीतल्या नळाबद्दल. आप्पांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "विजू, उद्गारचिन्हाचे खिळे आपल्याकडे अकराच आहेत. तू एकोणीस वापरलीत. कुठली आठ काढू ते तूच सांग." मी एकही काढू देईना. शेवटी आठ ठिकाणी त्यांनी पूर्णविराम लावले आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पत्रकाची घडण मात्र माझ्या अंगात तेव्हाच मुरली होती. वर अन्याय, मधे गुन्हेगार, खाली मागणी. जगातली प्रत्येक गोष्ट मी या तीन खणांत बसवायची आणि ती बसायचीही. पुढे एकदा बसली नाही. ते इथं लिहायचं आहे.

पदवी झाल्यावर मला निमगाव केतकीच्या एका माध्यमिक शाळेत तासांवर नेमणूक मिळाली. आठवीचं नागरिकशास्त्र आणि मराठी. सकाळी बारामतीहून इंदापूरची एसटी धरायची. वाटेत मळीचा गोड-आंबूस वास खिडकीतून आत यायचा, पुढे उसाचा पट्टा विरळ व्हायचा, आणि निमगाव जवळ आलं की शेवरीवर चढवलेल्या नागवेलींचे पानमळे लागायचे. बाहेर कितीही ऊन असो, मळ्यात हिरवा अंधार. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली सकाळी ओल्या गोणपाटावर विड्याच्या पानांच्या चवडी लावून मगच शाळेत यायच्या. वह्या तपासताना प्रत्येक पानाला त्या पानांचा तिखटसर वास असायचा. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की मुलं भाकरीभोवतीचं पत्रक वाचायला गोळा व्हायची. "बाई, आज कुणाचा धिक्कार हाय?" असं विचारायची.

पुस्तकात धडा होता सामाजिक समस्यांचा. प्रत्येक समस्येखाली कारणांची यादी दिलेली, आणि मुलं ती पाढ्यासारखी म्हणायची.

"हुंड्याचं कारण काय?" मी विचारलं.

"बाई, अज्ञान," मागच्या बाकावरचा एक उठून म्हणाला.

"कुणाचं अज्ञान?"

"समाजाचं, बाई."

"आणि समाज कुठं राहतो?"

त्याने जरा विचार केला. "पुण्यात, बाई."

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी आप्पांकडून कागदाच्या कातरणीचा गठ्ठा आणला. प्रत्येक बाकाला एक चिठ्ठी दिली. आपल्या घरातली, आळीतली एक अडचण वर लिहायची, नाव कुणाचं घालायचं नाही, आणि खाली लिहायचं 'का?'. चिठ्ठी पुढच्या बाकावर जायची. त्यांनी कारण लिहायचं आणि त्याखाली पुन्हा 'का?'. असं करत चिठ्ठी वर्गभर फिरवायची. मुलांना खेळ वाटला. मला वाटलं, वीस पत्रकं तयार होताहेत.

बहुतेक चिठ्ठ्या गमतीच्या निघाल्या. 'आमची म्हैस दूध देत नाही' पासून सुरू झालेली एक सहा 'का'नंतर तलाठ्यापर्यंत पोचली होती. एक मात्र मी घरी घेऊन गेले. गिचमिड, वेगवेगळ्या हातांची ती चिठ्ठी अशी होती:

आपल्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरत आहे. का?
तिचे वडील म्हणतात शाळा बास झाली. का?
लोक नावं ठेवतात. का?
ती अंधार पडल्यावर घरी येते. कालव्याच्या पुलावर पोरं बसलेली असतात. का?
तिला आणायला कुणी जात नाही. घरात कुणाला वेळ नाही. शिवाय पाचची गाडी बंद झाली. का?
माहीत नाही.

पहिल्या ओळीचं अक्षर मी ओळखलं. ते नंदाचं होतं, आणि नंदाची बाकावरची सोबतीण सिंधू. शांत, किनऱ्या आवाजाची, शुद्धलेखनात एकही चूक नसलेली. तेरा पुरी. खरं सांगायचं तर चिठ्ठी मी दोनच ओळी वाचली. वर अन्याय मिळाला, त्याखाली गुन्हेगार मिळाला. वडील. बाकीच्या ओळींवरून डोळे फिरले असतील, पण त्या माझ्या आत गेल्या नाहीत.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी नंदाला घेऊन सिंधूच्या वस्तीवर निघाले. सिंधू त्या दिवशी आली नव्हती. वस्ती शाळेपासून तासाभराच्या वाटेवर, दोन्ही बाजूंनी ऊस. दिवाळी होऊन गेलेली, दिवस भराभर बुडायचा. कालव्याच्या पुलावर मोटरसायकली लावून चार-पाच जण कठड्यावर बसले होते. एकजण मोठ्याने म्हणाला, "नव्या बाई लई तावात चालल्यात गं नंदे." नंदा माझ्या पदराला चिकटून चालू लागली. मी तिला म्हटलं, "लक्ष द्यायचं नाही." आणि स्वतःही दिलं नाही. मी मनात भाषण जुळवत होते.

सिंधूचे वडील सोपानराव पडवीत पानं लावत बसले होते. पलीकडे भिंतीला टेकून पागोटं घातलेले तिचे आजोबा, आबा, हातात काठी, डोळे मिटलेले. या घराची पूर्वी मेंढरं होती; चार महिने घाट उतरून जायचे, पावसाआधी परत यायचे. मेंढरं विकून पानमळा केला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मी बसले आणि सुरू झाले. कायदा, वय, मुलीचं शरीर, तिची बुद्धी. सोपानराव मान हलवत होते. "खरं हाय बाई." "बराबर बोलतासा." "आमी अडाणी मानसं." ते जितके मान्य करत गेले तितकी माझी भीती उतरत गेली. मला वाटलं, जिंकलं.

मग सिंधू चहा घेऊन आली, आणि त्यामागून एका लहान ताटलीत पान-सुपारी.

"पयल्यांदाच आलासा," सोपानराव म्हणाले. "पान घ्या. आमच्या मळ्यातलं हाय."

मी हात पुढे केला. सिंधूने पानाच्या देठावर अंगठा दाबून धरला होता. क्षणभर आम्ही दोघी ते पान धरून होतो. मला वाटलं, ताटली निसटेल म्हणून पोर धरतेय. मी हलकेच ओढलं. तिने अंगठा काढला आणि आत निघून गेली. मी पान खात नाही, म्हणून रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि शेवटच्या गाडीने घरी आले. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री गाढ झोपले.

शुक्रवारी पहिल्या तासाला नंदा टेबलाशी येऊन उभी राहिली. वर बघेना.

"बाई, तुमी पान घेतलं म्हनं."

"हो. का गं?"

"बोलनी चालल्याली असत्यात तवा त्या घरातलं पान घेतलं की 'व्हय' म्हनल्यासारखं असतं. सोयरीक मान्य हाय, असं. सोपाननाना पाराव सांगत हुते. शाळंच्या बाईनंच पान घेतलं, आता कोन काय बोलतंय." मग आवाज उतरवून म्हणाली, "नवऱ्याकडच्यास्नी शाळंचीच भीती हुती. ऐतवारी सुपारी फोडनार हायेत."

चाळीस मुलांना धडा वाचायला लावला आणि तशीच उठले. मुख्याध्यापकांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. दार लोटून म्हणाले, "कायदा मलाही पाठ आहे, बाई. पण या शाळेच्या तीन भिंती त्या वस्तीच्या श्रमदानातून उभ्या आहेत. तुम्ही तासांवर आहात. जे कराल ते तुमच्या नावावर करा." परतीच्या गाडीत बसले. सारखं वाटत होतं की तिने अंगठ्याने मला सांगितलं होतं, आणि मी ते पान ओढून तिचं लग्न पक्कं केलं.

घरी आईने सगळं ऐकलं. ती सुप्याकडची, जिरायती गावातली. तिने एकच विचारलं, "खाल्लंस का पान?"

"नाही. पिशवीत आहे."

"मग ते अजून तुझं झालं नाही. आण इकडं." तिने रुमाल सोडला. पान जरा मलूल झालं होतं, पण हिरवं होतं. तिने धडपं ओलं करून त्यात ते गुंडाळलं आणि माठाखाली ठेवलं. "परत करायचं असलं तर असंच्या असं करावं लागतं. पिवळं पडलं तर म्हणतील बाईंनी वाळवून आणलं. पण विजू, परत केलेलं पान म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं धरतात. कळतंय ना?"

शनिवारभर मी एका पानाची राखण केली. अर्ध्या दिवसाची शाळा करून आले ती सरळ माठापाशी. दर तासाला धडपं उघडून बघायची. कडेला एक ठिपका आला होता; तो वाढतोय असं वाटायचं, मग नाही वाटायचं. पलीकडे यंत्र खटक-खुस्स करत होतं आणि मला ते मोजणाऱ्या घड्याळासारखं ऐकू येत होतं. तिसऱ्या प्रहरी मी पत्रक लिहायला बसले. 'मुलींचा बळी देणाऱ्या बापांनो' असं सुरू केलं आणि आप्पांकडे नेलं. वस्तीवर घरोघर टाकायचं, असं ठरवलं होतं. पुरावा म्हणून चिठ्ठीही सोबत दिली.

आप्पांनी माझा मजकूर बाजूला ठेवला आणि चिठ्ठी वाचू लागले. बराच वेळ. जुळाऱ्याला सगळं उलटं वाचायची सवय असते. ते खालून वर वाचत आले.

"तू हे कुठपर्यंत वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"नाही वाचलंस. तू बापापाशी थांबलीस. पोरं थांबली नाहीत." त्यांनी शाईने काळं झालेलं बोट पाचव्या ओळीवर ठेवलं. "बापाला शिव्या छापल्यानं ती मुलगी संध्याकाळी घरी कशी येणार आहे?"

मला राग आला. "म्हणजे बापाचा दोष नाही?"

"आहे की. पण तो रस्त्यात मधेच आहे, शेवटाला नाही." मग जरा हसले. "आणि असं बघ, तू इथं उद्गारचिन्हं चौदा घातलीयत. खिळे हरवून आता नऊच राहिलेत."

पत्रक निघालं नाही. आज इतक्या वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, मला त्या न निघालेल्या पत्रकाचा आप्पांच्या सगळ्या छापलेल्या पत्रकांइतकाच अभिमान वाटतो. त्या दिवशी मात्र मला ते माघार घेणारे म्हातारे वाटले होते, आणि रविवारी सकाळी मी त्यांच्याशी न बोलता निघाले. पिशवीत ओलं धडपं, त्यात पान, आणि ती चिठ्ठी.

पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या. नवऱ्याकडची सात-आठ माणसं, त्यात लाल पटक्याचे एक मामा सगळ्यांच्या वतीने बोलणारे. मधोमध ताटात अखंड सुपाऱ्या आणि अडकित्ता. सिंधू दिसत नव्हती. आतल्या दाराच्या फटीत हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. मला बघून सोपानराव लगबगीने उठले. "या बाई, या. बसा. तुमचीच वाट बगत हुतो."

मी बसले नाही. धडपं सोडलं आणि पान त्या ताटाच्या कडेला ठेवलं. "हे गुरुवारचं. मी खाल्लं नव्हतं. मला ते घेता येणार नाही."

मग मामा हसले. "वा. शाळा शिकून ही रीत आली व्हय? दिल्यालं पान फिरवायचं." सोपानरावांकडे वळून म्हणाले, "पाव्हनं, आमाला घरी बोलवून ह्यो तमाशा दावायचा हुता?"

सोपानरावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. "बाई, माज्या दारात माजी इज्जत काडू नगा. जावा तुमी."

मी पुन्हा कायद्याकडेच पळाले. अठरा वर्षं, तुरुंग, दंड. माझा मलाच आवाज चिरका लागत होता. मामा म्हणाले, "आनखी?" आणि दोघंतिघं हसले. तेव्हा भिंतीकडून काठी आपटल्याचा आवाज आला. आजोबांनी डोळे उघडले होते.

"बाई," आबा म्हणाले, "कायदा ऱ्हाऊ द्या. पोर शाळंतनं राती येती. रस्त्यात काय झालं तर तुमचा कायदा तितं येनार हाय का? ह्याचं उत्तर द्या."

पिशवीत चिठ्ठी होती. ती काढली आणि मोठ्याने वरपासून खालपर्यंत वाचली. 'घरात कुणाला वेळ नाही' ही ओळ वाचताना मी सोपानरावांकडे बघितलं नाही. 'माहीत नाही' वाचून थांबले.

"कुनी लिवलं ह्ये?" आबांनी विचारलं.

"आठवीच्या मुलांनी."

"घरात कुनाला येळ न्हाय." त्यांनी ते शब्द तोंडात घोळवले. मग लेकाकडे बघितलं. "सोपाना, मला इचारलंस का रं तू?"

"आबा, तुमी आता ह्या वयात..."

"ह्या वयात काय? दोनशे मेंढरं घाटाखाली न्हेऊन परत आनलीत म्या. दिस बुडायच्या आत वाड्यात घातलीत. एक कोकरू लांडग्याला दिलं न्हाई. आन ही एक नात कालव्यावरनं आनायला मला येळ न्हाय? सकाळधरनं ह्या भिताडाला टेकून बसतोय, त्यो काय येळ न्हवं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

मामा म्हणाले, "आबा, पान फिरवल्यावर आता आमी हितं बसायचं कसं?"

"पान आमच्या मळ्याचं," आबा म्हणाले. त्यांनी वाकून ताटातलं माझं पान उचललं, पागोट्याच्या घडीत खोवलं. "आमीच दिलं हुतं, आमीच घेतलं. ह्यात तुमचं काय गेलं? जेवून जावा. सुपारी आज फुटनार न्हाय."

ते जेवले नाहीत. मोटारी धुरळा उडवत गेल्या. सोपानराव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही कधी नाही. दाराच्या फटीत आता लुगड्याचा काठही नव्हता.

सोमवारी सिंधू आली नाही. मंगळवारीही नाही. मी तास घेत होते आणि दर पावलाच्या आवाजाला दाराकडे बघत होते. सुपारी दुसरीकडे कुठं फोडली असेल, पोरीला मामाच्या गावी धाडलं असेल, मारलं असेल, असं एकेक मनात येई. नंदालाही काही ठाऊक नव्हतं. बुधवारी प्रार्थना संपता संपता ती आली. नंदाशेजारी बसली, वही काढली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, मीही हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबले नाही. भीती होती की थांबले तर रडेन.

संध्याकाळी शाळा सुटली तर फाटकाशी आबा उभे. पागोटं, घोंगडं, काठी. त्या दिवशी त्यांच्याबरोबर सिंधू आणि नंदा गेल्या. आठवड्याभरात त्या वाटेच्या सात मुली झाल्या. त्यांतल्या दोघी दिवाळीपासून घरीच बसल्या होत्या. आबा मोजायचे नाहीत. एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "एक कमी हाय." आणि एक कमीच असायची, फळ्यावरचं उतरवून घेत मागे राहिलेली.

एप्रिलमध्ये मला सांगण्यात आलं की जूनपासून येण्याची गरज नाही. पाचच्या गाडीसाठी मुलांच्या सह्यांचे दोन अर्ज आम्ही पाठवले होते. त्यांना उत्तर आलं नाही. शेवटच्या दिवशी मी आबांबरोबर पुलापर्यंत चालले. ते मुलींच्या मागून चालायचे. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "फुडं चाललं की मागचं कळत न्हाय." पुलावर पोरं होतीच. ती तिथून उठली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा फक्त गप्प बसली.

दोन वर्षांनी सिंधूचं एक पोस्टकार्ड आलं. दहावी पास झाल्याचं, त्याच शुद्ध अक्षरात. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. चांगलं झालं असेल, असं लिहायला हात धजत नाही.

पुलापाशी मी आबांना न राहवून विचारलं होतं, "आबा, तुम्हाला बरं नसलं तर? किंवा उद्या तुम्ही..."

"मेलो तर, म्हना की." ते हसले. तोंडात दोनच दात होते. "त्ये बी लिवा तुमच्या चिट्टीवर. खाली जागा हाय का?"

चिठ्ठी माझ्याजवळ अजून आहे. घडीवर फाटलेली. 'माहीत नाही'च्या खाली एका ओळीची जागा आहे.